दादा, पेन्शनचं अर्धवट राहिलेलं बोलणं

लेस्टर, इंग्लंड

ती. दादास,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू म्हणालास, "पेन्शनसाठी पैसे कापायचे म्हटलं की वर्कशॉपमधली पोरं अंगावर येतात. सरकार तरी काय करणार?" तेवढ्यात तुझं गिऱ्हाईक आलं आणि फोन ठेवलास. म्हणून हे पत्र.

इथे मी काम करते त्या केअर होममध्ये (म्हाताऱ्यांना सांभाळतात तिथे) मला कुणी विचारलंच नाही. पगारातून पेन्शनची कपात आपोआप सुरू झाली. २२ वर्षांवरच्या आणि वर्षाला १०,००० पौंडांहून जास्त कमावणाऱ्या नोकरदाराला मालकाने पेन्शनमध्ये घालायचंच, असा २००८ चा कायदा आहे. अंमल २०१२ पासून. नको असेल तर बाहेर पडता येतं, महिन्याच्या आत कळवलं तर कापलेले पैसेही परत मिळतात. पण कळवायचं आपण! शिवाय बाहेर पडलेल्याला साधारण तीन वर्षांनी मालकाने पुन्हा आत घ्यायचं. दहातले जवळपास नऊ जण आतच राहतात. माणसाचा आळस सरकारने कामाला लावला, दुसरं काय!

कपातही एकदम लादली नाही. सुरुवातीला मालक-नोकर मिळून २ टक्के, २०१९ पर्यंत ८. त्यातले निदान ३ मालकाचे. ते ८ टक्केही पूर्ण पगारावर नाहीत, पहिले ६,२४० पौंड सोडून वरच्या रकमेवर. माझ्या मते हे कमीच पडणार आहे, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

आता खरी मेख. आमचा शेजारी स्वतःची टॅक्सी चालवतो, तो यात कुठेच नाही. मालकच नाही तर कापणार कोण? आपल्याकडे तर काम करणारे निम्म्याहून जास्त लोक त्याच्यासारखे. भाजीवाली, रिक्षावाला, गवंडी. त्यांच्यासाठी इथली युक्ती तशीच उचलून चालणार नाही.

अशा असंघटित कामगारांसाठी केंद्राची श्रमयोगी मानधन ही पेन्शन योजना आहे, तिच्यात कामगार भरतो तेवढेच पैसे सरकार घालतं, हे मला पटतं. पण वयाची अट १८ ते ४०, अटल पेन्शनचीही तीच. अरे, म्हातारपण डोळ्यांसमोर दिसायला लागतं तेच चाळिशीनंतर, आणि नेमकं तेव्हा दार बंद! उशिरा येणाऱ्याला जास्त हप्ता लाव, पण येऊ तर दे. गरीब म्हाताऱ्यांना राज्याच्या श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात, तेही कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत असेल तरच. एवढ्यात घर चालतं का, हे तहसीलदारांनाच विचारायला हवं. मी सरकार असते तर आधी ही उत्पन्नाची अट मोडली असती. ज्याची हप्ता भरायची ऐपतच नाही, त्याला करातूनच द्यावं लागणार.

तुझ्यापुरतं सांगते. वीसपेक्षा कमी माणसं असली म्हणून पीएफ लागू होत नाही, हे खरं. पण मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर त्यात आपणहून जाता येतं. पेन्शनसाठी निदान दहा वर्षं भरावी लागतात आणि महिन्याचा पगार १५,००० च्या आत लागतो. तुझ्याकडचे सखाराममामा ४६ चे आहेत ना? म्हणजे पेन्शनच्या ५८ व्या वर्षापर्यंत त्यांची दहा वर्षं बसतात, पण आणखी तीन वर्षं घालवलीस तर नाही. तुझ्या खिशातून पगाराच्या १० टक्के जातील, वहिनी कुरकुरेल, ते मी तिच्याशी बोलेन. तू आधी आपल्या सीएला भेट.

आईची बीपीची गोळी बदलली का, ते कळव.

तुझी,
सुमी