हेलिकॉप्टर म्हणजे लिफ्ट नव्हे

संपादक महोदय,

निवडणूक असो की उद्घाटन, आमच्या घोडबंदर रोडला कुठल्यातरी मैदानावर चुन्याने एच काढला की झालं हेलिपॅड तयार. बाजूला तीस मजली टॉवर असले तरी कोणाला काही वाटत नाही, कारण सगळ्यांची खात्री की हेलिकॉप्टर सरळ वरून खाली येतं. येऊ शकतं हो, पण शहाणा पायलट तसं उतरवत नाही.

पंखा हवा खाली ढकलतो म्हणून ते तरंगतं. आता पुढचा स्पीड तीसेक नॉटच्या, म्हणजे ताशी ५५ किमीच्या आत आला आणि खाली यायचा वेग मिनिटाला ३०० फुटांच्या वर गेला (ट्रेनिंगमधला ढोबळ हिशेब) की ते स्वतःच ढकललेल्या हवेत बुडायला लागतं, पात्यांच्या टोकांशी हवा गोल फिरून परत वरून पंख्यात शिरते. याला व्होर्टेक्स रिंग स्टेट म्हणतात. इंजिन ठणठणीत असतं, पायलट घाबरून पॉवर वाढवतो आणि ते अजून जोरात खाली जातं! सुटायचं तर स्टिक पुढे किंवा बाजूला देऊन त्या हवेतून बाहेर पडायचं, पण त्यासाठी खाली उंची शिल्लक पाहिजे ना.

मागून वारा असेल तर आणखी घोळ, जमिनीकडे बघून स्पीड बरा वाटतो पण पंख्याच्या दृष्टीने पुढचा वारा जवळपास शून्य. आणि टॉवरच्या मध्ये वारा कुठून वळेल याचा नेम नाही. २०११ ला अबोटाबादला लादेनच्या घरात अमेरिकेचं हेलिकॉप्टर असंच बसलं. सरावाच्या वेळी कंपाउंडला जाळीचं कुंपण होतं, तिथे निघाल्या उंच भिंती, त्यात हवा गरम. २००० साली अ‍ॅरिझोनात ऑस्प्रे (पंखे वर वळवून हेलिकॉप्टरसारखं उतरणारं विमान) याच प्रकारात पडलं, १९ मरीन गेले. (आपल्याकडे मात्र दुसऱ्या दिवशी छापून येतं 'तांत्रिक बिघाड', तेवढं तुम्ही पण बघा.)

तेव्हा जागा ठरवताना नुसतं मैदान मोजू नका, वाऱ्याच्या तोंडाने तिरकं हळूहळू उतरत यायला लांब मोकळी वाट आहे का, मध्ये वायरी आहेत का, ते बघा. विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) लावा, आणि मोबाईल घेऊन धावणाऱ्या पब्लिकला लांब ठेवा. बाळकुम-कोलशेतला खाडीकडच्या बाजूने वाट मोकळी मिळते, तिथे एक कायमची जागा करा. कांदळवनाचा प्रश्न येईल, तो सोडवावा लागेल, पण टॉवरच्या मधलं शाळेचं मैदान तरी नको.

एक वाचक, कासारवडवली, ठाणे