दारावर पोराचं वय कोण बघणार?

मा. संपादक,

सिडकोत गेली २२ वर्षं मी खाणावळ चालवते. रविवारी काळ्या मसाल्याचं मटण असतं आणि पातेलं कधी उरत नाही. मागच्या रविवारी उरलं. चार पोरं आदल्या रात्री माणसं मारून खाणाऱ्या खुन्याचा सिनेमा बघून आली होती. त्यातल्या निफाडच्या पोरानं नळी ताटाच्या कडेला सारली आणि ताकभात मागितला. त्याच्या गावाकडे नरभक्षक म्हटलं की उसातला बिबट्या. हा सिनेमातला मात्र स्वतः चिरतो, फोडणी देतो आणि निवांत जेवतो म्हणे. ‘मावशी, वासच नको,’ एवढंच बोलला.

पोरगा अकरावीत आहे, सतरासुद्धा पुरी नाहीत. सिनेमा ‘ए’ प्रमाणपत्राचा. आत कसा सोडला? तर तिकीट मोबाइलवर काढलं, वय विचारलं तिथं ‘हो’ दाबलं, दारावर कोड दाखवला, झालं.

माझे यजमान गावातल्या एका थिएटरात डोअरकीपर होते. मिसरूड बघून पोरं परत पाठवायचे. सख्ख्या पुतण्यालाही पाठवलं, तो वर्षभर आमच्याकडे जेवायला आला नाही.

असले सिनेमे काढूच नका, असं माझं म्हणणं नाही. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ (१९९१) आम्ही दोघांनी सीडी आणून पाहिला होता. त्याला पाच ऑस्कर मिळाले. त्यातला डॉक्टर एका माणसाची कलेजी खाल्ल्याचं नुसतं तोंडानं सांगतो, तरी मी दोन दिवस कलेजीला हात लावला नाही. पण तेव्हा मी चाळिशीची होते.

आता ‘यूए’मध्ये ७, १३ आणि १६ असे वयाचे टप्पे आलेत. तिथं आईबापांनी ठरवायचं. ‘ए’ला मात्र आईबाप सोबत असले तरी अठराच्या आतल्याला प्रवेश नाही, आणि १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानं असा सिनेमा त्याला दाखवणं गुन्हा आहे. दिवाळीत अशाच एका दारावर माझ्या पिशवीतल्या चकल्या अचूक सापडल्या होत्या. तिथंच उभं राहून आधार कार्ड बघायला कितीसा वेळ लागतो? आणि बघतात की नाही, हे तपासायला नाशकात कोण जातं, तेवढं संबंधितांनी आपल्या पेपरातून सांगावं.

निफाडकर अजून वरणभातावरच आहे. पैसे त्यानं महिनाभराच्या नॉनव्हेजचे भरलेत.

– खाणावळवाल्या मावशी, सिडको, नाशिक