पोत्याला पोते: धान्य बदलून देण्यासाठी मदतीचे आवाहन

सस्नेह नमस्कार.

मक्याची मळणी सुरू झाली आणि नेमके तेव्हाच आभाळ भरून आले. मंडळाकडे रोज एकच प्रश्न येतो: "थोडीशीच बुरशी आहे, धुऊन घेतली तर चालेल ना?"

नाही चालणार. दाण्यावरची हिरवट बुरशी अनेकदा ॲस्परजिलस फ्लेवस असते आणि ती अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. बुरशी झटकली तरी विष दाण्यात उरते, शिजवूनही ते पुरते जात नाही. केनियात २००४ साली असा मका खाऊन ३१७ जण आजारी पडले, त्यांतले १२५ दगावले. मका दमट जागी साठवला गेला होता, एवढेच निमित्त. "मग गुरांना घालू" हाही उपाय नव्हे. दुभत्या जनावराच्या पोटात गेलेले विष रूप बदलून दुधात उतरते.

पण ज्याच्या घरात वर्षाचे धान्य तेवढेच आहे, त्याला "फेकून दे" म्हणायला आमची जीभ रेटत नाही. म्हणून मंडळाने ठरवले आहे की बुरशीचे पोते आणून द्यावे आणि चांगले घेऊन जावे. त्यासाठी धान्य कमी पडते आहे. आपल्याकडे कोरडे, निरोगी धान्य जास्तीचे असेल तर एखादे पोते द्या. रोख देणाऱ्यांना पावती मिळेल.

ताडपत्र्याही हव्यात, आणि एक ओलावामापक. दाणा दाताखाली कट्कन फुटला की वाळला, ही जुनी परीक्षा वाईट नाही, पण ती १३ टक्के आणि १६ टक्के ओलाव्यातला फरक सांगत नाही. साठवणीत मका टिकतो की बुरसतो, हे तिथेच ठरते.

जाडे मीठ दिलेत तरी चालेल. बाजरीच्या बियाण्यातला अरगट (कणसावर येणारा बुरशीचा रोग) काढायला १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवतात. अरगटाच्या गाठी आणि हलके बी वर तरंगते, ते काढून टाकायचे, उरलेले बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. पेरणीआधी हे काम सगळ्यांसाठी एकदमच करणार आहोत.

निवडायला, वाळत घालायला माणसे लागतील. येताना नाकातोंडाला फडके बांधा, बुरशीची धूळ छातीत जाते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी नोंदी ठेवण्याचे काम घ्यावे.

आणि कृपया वापरलेली जुनी पोती आणू नका. त्यांच्या विणीत गेल्या वर्षीची बुरशी बसलेली असते.