अम्मी-अब्बांना, रमजान सुरू व्हायच्या आधी

अस्सलामु अलैकुम अम्मी, अब्बा,

फोनवर बोलायला गेले की अब्बा विषय बदलतात आणि अम्मी तू त्यांच्या बाजूने बोलतेस, म्हणून लिहितेय. आधी मुद्द्याचं सांगते, मग रागवा हवं तर. अब्बा, या रमजानला तुम्ही रोजे ठेवायचे नाहीत. हे ठरलंय. भाईजान आणि मी दोघांनी मिळून ठरवलंय, त्यामुळे त्याला वेगळा फोन करून फोडायचा प्रयत्न करू नका. आणि अम्मी, तुझ्यासाठी नमाजची खुर्ची मागवलीय, ती परत पाठवायची नाही.

आता तुम्ही म्हणाल की अल्लाह आणि बंद्याच्या मधे ही पोरं कोण येणार. बरोबर आहे, कोणीच नाही. म्हणूनच तर डॉक्टरांना विचारलं, आणि मुद्दाम अशा डॉक्टरांना विचारलं जे स्वतः सगळे रोजे ठेवतात, म्हणजे "त्यांना काय कळतंय रोज्यातलं" हे वाक्य या वेळी चालणार नाही. त्यांनी तुमच्या शुगरचे रिपोर्ट बघितले, इन्सुलिनचे डोस बघितले, मागच्या वर्षी सत्ताविसाव्या रात्री काय झालं ते पण मी सांगितलं (तुम्ही नसतं सांगितलं) आणि ते सरळ म्हणाले, नाही. मग मौलानांना विचारलं, तर ते म्हणाले डॉक्टर नाही म्हणत असतील तर हट्टाने रोजा ठेवणं ही इबादत नाही, जीव धोक्यात घालणं आहे.

अब्बा, हे सगळं तुम्हीच शिकवलंय मला. मी नमाज भराभर उरकायचे, रुकूत वाकले न वाकले की सज्द्यात, आणि तुम्ही पेपर खाली न करता म्हणायचात, "परत पढ, तू पढलीच नाहीस." मला वाटायचं तुमचं लक्ष पेपरात आहे. मग एकदा जवळ घेऊन पैगंबरांची ती हदीस सांगितलीत, हुजूरांनी (स.) मशिदीत एका माणसाला परत परत माघारी पाठवलं की जा, पुन्हा पढ, आणि शेवटी कसं पढायचं ते समजावून सांगितलं. मनाला येईल तसं करून इबादत होत नाही, जशी सांगितलीय तशी करायची, हे तेव्हापासून डोक्यात बसलंय. आणि माझी बोटांची पेरं धरून अल्लाहच्या नावाची तस्बीह मोजायला शिकवायचात ना, मी अजून तशीच मोजते, अंगठा आधी करंगळीवर.

तर सांगितलंय कसं? कुरआनातल्या सूरह बकराच्या १८४ आणि १८५ या आयती तुम्हाला पाठ आहेत. रोजा फर्ज केला त्याच ठिकाणी, त्याच दमात, आजारी आणि प्रवासी यांना सूट दिलीय आणि पुढे म्हटलंय की अल्लाहला तुमच्यासाठी सोपं करायचंय, अवघड नाही. म्हणजे सवलत कोणी मागाहून घातलेली नाही हो, ती हुकुमाचाच भाग आहे. मग रोजा ठेवा हा हुकूम मानायचा आणि आजारी असाल तर थांबा हा नाही मानायचा, असं कसं चालेल? फुजैल बिन इयाज या जुन्या बुजुर्गांचं ते वाक्य तुम्ही कितीदा सांगायचात, अमल, म्हणजे आपण करतो ते काम, खालिस पण हवा आणि दुरुस्त पण हवा. खालिस म्हणजे फक्त अल्लाहसाठी, दुरुस्त म्हणजे सुन्नतप्रमाणे. दोन्हीपैकी एक नसेल तर कबूल नाही. तुमच्या खालिसपणाबद्दल मला शंका नाही अब्बा, कोणालाच नसेल. दुसऱ्या अटीसाठीच भांडतेय मी.

आणि पहिल्या अटीबद्दल पण थोडं बोलते, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही भाईजानला म्हणालात की मशिदीतल्या पहिल्या सफमधली, पहिल्या रांगेतली माणसं विचारतील, इफ्तारच्या वेळी सगळे बघतील, काय सांगू. हे ऐकून मला आधी रडायला आलं, कारण मला माहितीये इतकी वर्षं रोजा न चुकवलेल्या माणसाला ते किती जड जात असेल. पण अब्बा, लोकांसाठी केलेल्या अमलाला काय म्हणतात हे पण तुमच्याकडूनच ऐकलंय. तुमच्यात दिखावा आहे असं अजिबात नाही म्हणत. एवढंच म्हणतेय की लोक काय म्हणतील हा विचार नियतीत थोडासुद्धा यायला नको. कोणी विचारलंच तर सांगा, डॉक्टर आणि मौलाना दोघांनी मना केलंय. आणि सांगायचं नसेल तर नका सांगू, तुमचा आजार ही लोकांना हिशोब द्यायची गोष्ट नाही.

हुजूरांनी (स.) एका म्हाताऱ्या माणसाला दोन मुलांच्या खांद्यांवर भार टाकून चालताना बघितलं होतं, आठवतं? विचारलं याला काय झालं, तर मुलं म्हणाली यांनी काबापर्यंत चालत जायची मन्नत मानलीय. त्यावर हुजूर (स.) म्हणाले, या माणसाने स्वतःच्या जीवाला असा त्रास द्यावा याची अल्लाहला गरज नाही, आणि त्याला सवारीवर बसायला सांगितलं. मी ही हदीस वाचताना त्या म्हाताऱ्याकडे नाही बघत, त्या दोन मुलांकडे बघते. बिचारी निमूट चालत होती, बापापुढे बोलायची हिंमत नसेल. आम्ही दोघं बोलतोय, एवढाच फरक.

आणखी एक, मग रोज्याचं बस. हुजूरांचे साथी अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) तरुणपणी रोज रोजा आणि रात्रभर नमाज करायचे, हुजूरांनी (स.) त्यांना अडवलं, तुझ्या शरीराचा पण तुझ्यावर हक्क आहे म्हणाले, तरी ते जास्तीचंच मागत राहिले. म्हातारे झाल्यावर मात्र म्हणायचे, तेव्हा सवलत घेतली असती तर बरं झालं असतं. आणि ती बुखारीच्या हदीससंग्रहातली, दुसरे साथी अबू मूसा यांची (रजि.) हदीस, की बंदा आजारी पडला किंवा प्रवासात असला तर तो धडधाकट आणि घरी असताना जे करायचा तेवढं सगळं त्याच्या नावावर लिहिलं जातं. मग तुमचं काय कमी होतंय? इतक्या वर्षांचा हिशोब आहे तुमचा तिथे.

आता फिदियाचं. एका रोज्यामागे एका गरिबाचं जेवण, पूर्ण महिन्याचे पैसे मी बाजूला काढून ठेवलेत. पण ते मी परस्पर देऊन टाकलेले नाहीत, कारण तुमच्या इजाजतीशिवाय तो तुमच्याकडून फिदिया होत नाही, माझा नुसता सदका, म्हणजे साधं दान होतं. तुमची नियत मी तुमच्या बदल्यात करू शकत नाही. तेवढं "हो" मला तुमच्या तोंडून हवंय. मौलानांनी हे पण सांगितलं की पुढेमागे तब्येत सुधारली आणि हिवाळ्यातल्या लहान दिवसांत डॉक्टरांनी परवानगी दिली तर मग राहिलेल्या रोज्यांची कजा ठेवावी लागेल, म्हणजे दरवाजा कायमचा बंद नाही केलाय कोणी. इन्शाअल्लाह.

आणि तुम्ही पहाटे सहरीला उठणार हे मला माहितीये. उठा. अम्मीबरोबर बसा, तहज्जुदची नमाज पढा, तिला एकटीला सहरी करायला नको वाटतं. फक्त तुमचं खाणं, इन्सुलिन, गोळ्या नेहमीच्या वेळेला. औषधाचा तो खाने असलेला डबा पाठवलाय, झाकणावर वार मोठ्या अक्षरात आहेत, चष्मा शोधायला नको. साखर रोज तपासायची. बोटातून थेंबभर रक्त काढल्याने तर रोजा पण तुटत नाही, आणि तुम्ही मागच्या वर्षी त्या भीतीने महिनाभर मशीनला हात लावला नव्हता! ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर आकडा गेला तर रोजेदाराने पण रोजा तिथेच सोडायचा असतो, हे डॉक्टरांनी अम्मीच्या शुगरसाठी सांगितलंय, तुझ्यासाठी अम्मी, ऐकतेयस ना. तू गोळ्यांवर आहेस म्हणून तुला परवानगी मिळालीय, पण आकडा लपवायचा नाही.

आता तुझ्या खुर्चीचं. भाईजानने तुझा व्हिडिओ पाठवला, तुला माहीत नाही. सज्द्यातून उठताना तू एका हाताने कपाटाची कडी धरतेस, दुसऱ्या हाताने गुडघा दाबतेस, आणि कपाट पुढे हलतं. ते कपाट कधीतरी अंगावर येईल. हुजूरांनी (स.) मशिदीत दोन खांबांमध्ये बांधलेली दोरी बघितली होती, विचारलं तर कळलं की त्यांच्या पत्नी जैनब (रजि.) नमाजमध्ये थकल्या की तिला धरून उभ्या राहतात, तर म्हणाले सोडा ही दोरी, उत्साह आहे तोवर पढा, थकलात की बसा. ती नफ्ल, म्हणजे ऐच्छिक नमाजची गोष्ट आहे, ठीक आहे, पण तुझ्या कपाटाची कडी बघून मला तीच दोरी आठवली.

खुर्ची बिनहाताची आहे, पायांना रबर आहे, घसरणार नाही. समोर टेबल वगैरे ठेवायची गरज नाही, रुकूसाठी थोडं वाकायचं, सज्द्यासाठी त्यापेक्षा जास्त. सवलत फक्त जे जमत नाही त्याचीच असते, तेव्हा उगाच आराम म्हणून नाही घेतेयस तू. उभं राहून सुरू करायचं की पूर्णच बसून, यात उलमांची वेगवेगळी मतं आहेत, ते तू आपल्या मौलानांना एकदा विचारून घे आणि मग रोज नवीन शंका काढत बसू नकोस. जायनमाज तुझीच जुनी अंथर खुर्चीखाली, मला माहितीये तुला तिच्याशिवाय नमाज झाल्यासारखी वाटत नाही. वजूसाठी बसायला स्टूल आणि न घसरणारी चटई पण येतेय, पाय वर उचलून बेसिनमध्ये धुणं आजपासून बंद, दोघांचंही.

अब्बा, मला माहितीये तुम्हाला वाटतं की रोजा गेला म्हणजे रमजान गेला. तसं नाही ना. इबादत म्हणजे अल्लाहला जे आवडतं ते सगळं, केलेलं, बोललेलं, मनात ठेवलेलं, ही व्याख्या तुम्ही मला जुने आलिम इब्न तैमियांच्या नावासकट पाठ करून घेतली होती. कुरआन आहे, रात्रीची तरावीहची नमाज आहे, जमेल तेवढी बसून पढा. रोजेदाराला इफ्तार दिला तर त्याच्याइतकाच सवाब (पुण्य) मिळतो आणि त्याचा कमी पण होत नाही, तर मशिदीत इफ्तार तुमच्याकडून पाठवायचं काम भाईजानवर टाकलंय, काय पाठवायचं ते तुम्ही ठरवा.

आणि सूरह इस्रामध्ये एकट्या अल्लाहची इबादत करा म्हटल्यावर लगेच पुढे आई-बापाशी चांगलं वागायला सांगितलंय, त्यांना उफ् सुद्धा म्हणू नका. एवढं लांबलचक पत्र उफ्मध्ये येत असेल तर माफ करा. पण मला तुमच्यासाठी हे करू द्या, माझ्याही वाट्याची इबादत आहे ही.

खुर्चीवाला गुरुवारी सकाळी येईल, पैसे दिलेत, त्याला काही देऊ नका. चारही पायांचे स्क्रू नीट बसवून घ्या आणि आधी अब्बा, तुम्ही बसून बघा, मग अम्मी. आणि फिदियाच्या "हो"साठी मी शुक्रवारी जुम्मा झाल्यावर फोन करतेय, तेव्हा फोन अम्मीकडे देऊ नका.

खुदा हाफिज,
तुमची लेक