बोअरचं पाणी

चि. ताई,

अनेक आशीर्वाद.

"बाबा, गाडीचं काय ठरलं?" असं तू फोनवर तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी नेटवर्क नाही म्हणून फोन ठेवला. नेटवर्क चांगलं होतं. जे सांगायचं होतं ते तोंडानं निघेना. आता वहीत लिहून काढतो, पानांचे फोटो दादू तुला पाठवेल. अक्षर लागलं नाही तर त्यालाच विचार, मला नको.

तू म्हणालीस, गाडी मोडीत घाला, दुसरी घ्या, हप्ता मी भरते. इकडेही सगळे तेच म्हणून राहिले. बारा वर्षं झाली, इंजिन म्हातारं झालं, गेलं. मीच तसं सांगत फिरलो ना! पारावर सांगितलं, सोसायटीत सांगितलं, तुलाही तेच सांगितलं. खरं म्हणजे इंजिन म्हातारं झालं नव्हतं. मी मारलं ते.

पुसदचं लग्न आटोपून दुपारी तीनला निघालो. मे महिना, गाडीत सात माणसं, वर आहेराचे डबे. पुसदहून कुठंही निघालं तरी डोंगर चढावाच लागतो, तुला माहीतच आहे. चढणीला लागलो अन् इंजिनाच्या तापाचा काटा वर सरकताना मी पाहिला. तुझी आई म्हणाली, "काहीतरी जळल्यासारखा वास येऊन राहिला." मी म्हटलं, समोरच्या ट्रकचा आहे. मागं मामीचा आहेरावरून वाद चालला होता, त्यात थांबा म्हणायचं जिवावर आलं. माथ्यावर थांबू असं मनाशी ठरवलं. आणि माथा यायच्या आधीच काटा आपोआप खाली आला. पार खाली. माझ्या जिवात जीव आला, बघ कसा शहाणा आहे मी. आईला म्हटलंसुद्धा, "पाय, झाली थंडी."

मिस्त्रीनं नंतर समजावलं. काटा दाखवतो तो पाण्याचा ताप. खालचा होज पाइप फाटून पाणी रस्त्यावर सांडून गेलं की सेन्सर नुसता हवेत लटकतो, मग काटा पडतो. आत इंजिन तापतच असतं. म्हणजे काटा खाली आला तेव्हाच गाडी बंद करून चावी काढायला हवी होती. मी तर उलट खुशीत आणखी दोन-तीन किलोमीटर दामटली. मग टक-टक आवाज, मग धूर, मग एक हिसका बसून जागेवर उभी. पिस्टन पकडले. पुढं ऑइलची काडी काढली तर वर चहा आला. दुधाचा चहा असतो ना, तसाच रंग. गॅस्केट जाऊन ऑइलमध्ये पाणी मिसळलं होतं.

पण होज काय, फाटतोच कधीतरी. लाज वाटली ती रेडिएटर उघडल्यावर. मिस्त्रीनं एक नळी कापून हातावर उलटी केली, आतून पांढरी चुन्यासारखी खपली पडली. "काकाजी, यात पाणी कोन्तं टाकत होते?" कोन्तं म्हणजे? आपल्या बोअरचं! कूलंटचा, म्हणजे रेडिएटरात टाकायच्या खास पाण्याचा, डबा पाच-सहाशेचा, त्यापेक्षा बोअरच्या मोटारीजवळ गाडी लावून पाइपानं भरलेलं फुकटचं पाणी बरं, असं चार-पाच वर्षं चाललं होतं. जे पाणी आपण पितो ते रेडिएटरला काहून चालणार नाही, हा माझा हिशोब. आईच्या पाणी तापवायच्या गंज-पातेल्याला बुडाशी जी पांढरी खपली बसते, ती रोज डोळ्यांनी दिसते. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. बोअरच्या पाण्यानं इंजिनाचं बोअर, म्हणजे पिस्टन चालतो ती नळी, खाल्लं, असं दादू म्हणतो अन् हसतो. त्याला हसू येतं, पैसे त्याला भरायचे नाहीत.

विमावाल्याला विचारून झालं. अपघात नाही, पुराचं पाणी नाही, गरम होऊन इंजिन गेलं तर ते पॉलिसीत बसत नाही. आणि गरम झालेली गाडी तशीच चालवली म्हटल्यावर तर नाहीच नाही. मी वाद घातला नाही. त्याचं बरोबर होतं.

आता पैशाचं. मिस्त्रीनं तीन रस्ते सांगितले. एक, आपलंच इंजिन उतरवायचं, यवतमाळला लेथवर बोअर करून, म्हणजे ती नळी आतून घासून मोठी करून, मोठ्या मापाचे पिस्टन टाकायचे, क्रँक घासायचा, हेड फेसिंग करायचं. रेडिएटर आणि वॉटर पंप नवा धरून साधारण 80 हजार. दुसरा, नागपूरहून भंगारातल्या गाडीचं चालू इंजिन आणायचं. ते 60 हजारात बसवून मिळतं, चार दिवसांत गाडी दारात. तिसरा, कंपनीचं नवं. त्याचा आकडा ऐकून मी पाणी मागितलं.

दोन दिवस मी दुसऱ्याच रस्त्याकडे झुकलो होतो. 20 हजार वाचतात, पेरणीच्या तोंडावर ते काही थोडे नाहीत. पण आरसी बुकावर चेसिस नंबरासोबत इंजिन नंबरही असतो. इंजिन बदललं की आरटीओत जाऊन नोंद करावी लागते, त्या इंजिनाचं बिल अन् कागद दाखवावे लागतात. न केलं तर उद्या अपघात झाला की विमावाला तेवढंच धरून बसेल. आपलंच बोअर केलं तर ब्लॉक तोच, नंबर तोच. कागदाला हात लावायचं काम नाही. शिवाय ते भंगारातलं इंजिन कोणाच्या हातचं होतं, त्यानं त्यात कोणतं पाणी भरलं, काटा पडल्यावर तो किती किलोमीटर दामटत गेला, हे मला कोण सांगणार? माझी चूक निदान मला पाठ आहे. पैसे देऊन दुसऱ्याची कशाला घरात आणू?

तू पाठवलेल्या जुन्या गाड्यांच्या फोटोंचंही मला तेच वाटतं. ती साडेचार लाखाची डिझेल गाडी दिल्ली पासिंगची आहे, दादूनं नंबर पाहून ओळखली. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदीचा फास बसला होता, म्हणून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येऊ लागल्या. गाडी वाईटच असेल असं नाही. पण तिकडची एनओसी, इथला टॅक्स, नवी नोंदणी धरली की स्वस्ताई अर्धी उडते. आणि 2020 नंतरच्या नव्या नियमाची डिझेल घ्यावी, तर तिच्या सायलेन्सरच्या जाळीत काजळी साठते. ती जळून जायला गाडी अधूनमधून हायवेवर लांब पळवावी लागते. माझं पळणं म्हणजे घर ते वावर चार किलोमीटर अन् आठवड्यातून एकदा दारव्हा. ती जाळी वर्षभरात तुंबवीन मी. बोअरचं पाणी न टाकतासुद्धा.

नव्या छोट्या पेट्रोल गाडीचं म्हणशील, तर 2025 च्या सप्टेंबरात जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, हे खरं आहे. पण तुझ्या पगारातून पाच वर्षं हप्ता जाणार, आणि त्या गाडीत मी खताची पोती टाकणार. तुझ्या आईला हे पटतच नाही. ती म्हणते पोरीनं आधी स्वतःचं बघावं. या एका गोष्टीत आम्हा दोघांचं जुळलं आहे, तेव्हा मधे पडू नकोस.

80 हजार म्हणजे किती? 2025-26 च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5328 होता. त्या भावानं 15 क्विंटल, म्हणजे आपल्या वावरातलं दोन-अडीच एकराचं पीक. बाजारात तेवढा भाव कुठं मिळाला, तर तीन एकर धर. एकानं सल्ला दिला, पीक कर्ज उचललंच आहे, त्यातून करून टाक. नाही. पंजाबराव देशमुखांच्या नावच्या योजनेत तीन लाखापर्यंतचं कर्ज वेळेवर भरलं तरच बिनव्याजी पडतं. ते बियाण्या-खताचं आहे, तिकडेच जाईल. तुरीची सात पोती अजून कोठ्यात आहेत, ती काढतो. उरलेलं मिस्त्री दिवाळीनंतर घेतो म्हणाला, तोही कास्तकाराचाच पोरगा आहे.

एक मात्र कबूल करतो. सगळं आजच ठरलेलं नाही. आधी इंजिन उघडायचं, हेड आणि ब्लॉकला तडा आहे का ते तपासायचं. त्याचे सहा हजार. तडा निघाला तर तिथंच हात आखडता घेईन, गाडी आहे तशी विकून टाकीन अन् मोटारसायकलवर भागवीन. तडा नसला तर बोअर. 2014 ची गाडी, 2029 पर्यंत पासिंग आहे. पत्रा सडला नाही, गिअरबॉक्स चांगला, टायर मागच्याच वर्षीचे. नंतर फिटनेस काढून पाच हजार फी भरली की आणखी पाच वर्षं. तोवर मीच चालवायच्या लायक राहीन का, हा प्रश्न आहे.

कार विकून किती येतील म्हणून तू विचारत होतीस. बोअर केल्यावर दोन लाखाच्या आतच, त्यात 80 हजार घालणं येडेपणा, हा तुझा हिशोब विकणाऱ्यासाठी बरोबर आहे. मला ती विकायचीच नाही.

मामीनं त्या दिवशी रस्त्यावर अडीच तास उन्हात काढले, अजून बोलत नाही. बोलली की मामाला कळेल की वास तिलाही आला होता.

पोळ्याला येणार आहेस ना? तोवर गाडी झालेली असेल, पण पहिले हजार किलोमीटर साठच्या वर नेऊ नका असं मिस्त्रीनं आत्ताच बजावलं आहे. त्या वेगानं बडनेऱ्याला तुला घ्यायला यायचं म्हणजे अर्धा दिवस गेला. रेल्वेनं येऊ नकोस, ट्रॅव्हल्सनं ये आणि सरळ दारव्ह्याला उतर. तिथून मी आणतो. पैसे पाठवू नकोस, दादूच्या खात्यावरही नाही, मला कळतं.

तुझे,
बाबा