‘जेवलासा काय’ एवढंच विचारून निघू नका

मा. संपादक, नमस्कार.

आखाड चालू आहे. रविवारी सकाळपासनं मटणाच्या दुकानापुढं लाईन, आणि दुपारी कुणाच्या तरी शेतावर रस्सा मंडळ, सगळे पुरुषच, चूल तेच पेटवणार, तांबडा कोण बघणार पांढरा कोण हे आधीच ठरलेलं असतंय. पण तोच माणूस घरात मिठाचा डबा कुठाय हे बायकोला विचारतो. ती आहे तोवर हे चालतं.

मी चर्चच्या मंडळीतला, पाळकसाहेबांबरोबर बरीच वर्षं घरभेटींना जातोय. बायको वारलेल्या एका गृहस्थांकडं आम्ही दोन महिने जात होतो, वचन वाचायचं, प्रार्थना करायची, चहा घ्यायचा नि उठायचं. जेवणाचं विचारलं की म्हणायचे, ‘झालंय की.’ सुरवातीचे पंधरा दिवस शेजारनं डबे आले, मग बंद. एकदा मी पाणी प्यायला आत गेलो तर गॅसवर नुसतं चहाचं पातेलं आणि बाजूला खारीची पिशवी. शुगरची गोळी मात्र रोज घ्यायचे, तीही उपाशीपोटी, त्यानं चक्कर यायची आणि आम्ही समजत होतो दुःखानं खचलेत. याचं मला आजपण वाईट वाटतं. आपल्याकडचा पुरुष ‘करमत नाही’ असं म्हणणारच नाही, ‘भूक नाही’ एवढंच म्हणंल, ते ऐकायला आम्ही चुकलो.

बायबलात एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडतो (१ राजे १९), तिथं देवदूत उपदेश करत नाही, ऊठ, खा म्हणतो, परत झोपू देतो, परत खायला लावतो. योहान २१ मध्ये येशू आधी निखाऱ्यावरची मासळी नि भाकर शिष्यांना देतो, न्याहारी झाल्यावरच त्यांतल्या पेत्राला विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का.

आता आम्ही भाकरी-भाजी घेऊनच जातो, नुसता डबा ठेवून येत नाही, सोबत बसून जेवतो, आणि पुढच्या खेपेला त्यांच्याच हातनं कुकर लावून घेतो. हे काही पाळकांचंच काम नाही, तालमीतल्या वस्तादांनी, तरुण मंडळांनी, सगळ्यांनीच आपापल्या गल्लीतल्या अशा एकट्या माणसाकडं जावं ही कळकळीची विनंती.

गेल्या रविवारी त्या गृहस्थांना आम्ही रस्सा मंडळात नेलं. पांढरा त्यांनीच केला, खोबऱ्याचं दूधही स्वतः काढलं. निघताना उरलेला रस्सा डब्यात भरून घेतला, म्हणाले रात्री भाकरी थापून बघतो.

— मंडळीतला एक सभासद, कोल्हापूर