परसात आळी केलीत

वाई, शिवरात्रीनंतरचा रविवार

प्रिय शालू,

दिवाळीपासून पत्र नाही, त्याच्या शिव्या राखून ठेव, आधी ऐक. प्रकृती बरी. साखर आहे तिथेच आहे.

आमच्या परसात फरशी घालायचं घाटतंय. चिरंजीवांची नवी गाडी गल्लीत उन्हात उभी असते ना! मे महिन्यात गवंडी येणार. मी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत गेली, दुसऱ्या दिवशी कुदळ घेतली आणि बरोब्बर गाडी उभी राहणार तिथेच आळी केली. दुधी, दोडका, कारली. कडेला भेंडी, गवार.

आलं ना लक्षात? आत्ता टोचलेला दुधी एप्रिलअखेर हाताशी येतो. मे महिन्यात मांडव लगडलेला असताना वेल उपटा म्हणायची कुणाची छाती आहे? सूनबाईंना तर दोडक्याच्या शिरांची चटणी लागतेच.

भेंडीचं बी रात्रभर भिजवलं. हो, भिजवलंच! डी.एड.च्या होस्टेलमागे कुणाची भेंडी आधी उगवली होती ते तू सोयीस्कर विसरतेस. हायब्रिड नाही, अर्का अनामिका आणलीय, म्हणजे पुढच्या वर्षीला घरचं बी धरता येईल. पुढच्या वर्षीला, वाचलंस ना? कारल्याचं टरफल जाड, म्हणून टोकाला नेलकटर लावून कोमट पाण्यात ठेवलं, मग ओल्या फडक्यात बांधलं. ह्यांनी मटकीला मोड आले का म्हणून पुरचुंडी सोडली.

घोर आहे तो दुधीचा. फुलं उमलतात तिन्हीसांजेला, तेव्हा मधमाश्या घरी गेलेल्या. गेल्या साली इवले इवले दुधी पिवळे पडून गळले. यंदा नर फूल तोडून स्वतःच मादीफुलाला टेकवत बसणार आहे. कुणी विचारलंच तर लग्नं लावतेय म्हणेन. पण नाहीच धरले तर? रिकाम्या वेलाची बाजू मी कुठल्या तोंडाने घेऊ? आणि पोराचंही खोटं नाही गं, गाडीला दोन ओरखडे पडलेत. रात्री ते आठवतं, सकाळी झारी घेतली की विसरते.

जावयांची बदली झाली का? गुडघ्याचं ऑपरेशन आता पुढे ढकलू नकोस.

आणि चवळीचं बी लगेच धाड. बुटकी नको, वेलाचीच. फाटकावर चढवायचीय.

तुझी,
मंगल